दुसऱ्याचं लेकरू दिवसभर सांभाळताना: आधी काय, नंतर काय

शेजारच्या अक्कांची परीक्षा असते, जावेला दवाखान्यात जायचं असतं, बहिणीला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, आणि दोन वर्षांचं लेकरू सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत आपल्याकडे येतं. सोलापुरात हे घरोघर चालतं. आज्या, काकू, कॉलेजच्या मुली मनापासून सांभाळतात, तरी चुका त्याच त्याच होतात. आई निघून गेल्यावर आठवतं की औषधाचं विचारायचं राहिलं. लेकरू रडलं की आधी बिस्किट, मग मोबाईल, मग थोपटणं असं एकामागून एक करून बघितलं जातं आणि रडणं वाढतच जातं. मोरीतलं भरलेलं पिंप मात्र दिवसभर उघडंच राहतं.

यातल्या बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात. निम्मं काम आई उंबऱ्याबाहेर पडण्याआधी संपलेलं असायला हवं, म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीवरच आहे. वय धरलंय साधारण १ ते ३ वर्षं. वर्षाच्या आतल्या बाळाचे नियम जिथे वेगळे आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

## १. हो म्हणण्याआधी

फोन आदल्या रात्री येतो आणि भिडेपोटी आपण लगेच होकार देतो. जरा थांबून आधी बघा की त्या दिवशी आपल्याकडे दुसरं कोणतं काम आहे. चालायला लागलेलं लेकरू आणि हातातलं काम एकत्र जमत नाही. पाणी येण्याचा दिवस असेल तर भरण्यात वेळ जाणार, मग तेवढ्या वेळेपुरतं घरात आणखी एक मोठं माणूस लागेल. विड्या वळायला बसणार असाल, शिलाईचं काम द्यायचं असेल, खाली माग चालू असेल, तर दिवस बदलून मागा.

दोन वेळा सरळ नाही म्हणावं. एक, लेकराला ताप किंवा उलट्या-जुलाब चालू असताना. अशा वेळी त्याला आईबापच लागतात, आणि बिघडलं तर निर्णय घेणारं माणूस जवळ असावं लागतं. दोन, लेकराने तुम्हाला कधी पाहिलंच नसेल तेव्हा. यावर उपाय सोपा आहे. एक-दोन दिवस आधी आईसोबत येऊन तासभर खेळून जाऊ द्या. तेवढ्या ओळखीने पहिल्या दिवसाचं रडणं पुष्कळ कमी होतं.

पैसे घेऊन सांभाळणार असाल तर वेळ, उशीर झाल्यास काय आणि जेवण कुणाचं हे तीनही आधीच बोलून घ्या. नात्यात बोलायला अवघड वाटतं, पण नंतर धुसफूस होते आणि त्याचा त्रास लेकराला होतो.

## २. माहितीचा कागद

तोंडी सांगितलेलं गडबडीत डोक्यातून जातं. मोबाईलवरच्या निरोपावरही भिस्त ठेवू नका. फोन बंद पडतो, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला तो वाचता येत नाही. आईसमोर बसून एका कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून घ्या आणि फ्रिजवर किंवा स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा:

- आई, वडील आणि ते दोघेही न लागल्यास तिसरं माणूस, असे तीन फोन नंबर. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि दवाखान्याच्या वेळा.
- लेकराचं वजन. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात.
- कशाची ॲलर्जी आहे का, आधी कधी तापात झटका आला होता का.
- आज सकाळी काय खाल्लं, किती वाजता उठलं, शेवटची शी कधी झाली.
- दुपारी कधी झोपतं आणि कसं: मांडीवर, झोळीत, पाठीवर थोपटून, की विशिष्ट गोधडी घेऊन.
- लेकराचे स्वतःचे शब्द. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी घरं असतात. ते ‘नीळ्ळु’ किंवा ‘नीरु’ म्हणत पाणी मागत असेल आणि आपण खेळणं पुढे करत असू, तर तहानलेलं लेकरू रडणारच. पाणी, दूध, भूक, शू, शी, दुखतंय, एवढे शब्द लिहून घेतले तरी पुरे.
- संध्याकाळी न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि फोटो. दुसरं कोणी आलं तर आईशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय लेकरू द्यायचं नाही, मग आलेला माणूस सख्खा काका का असेना.

औषधाबद्दल सावध राहा. ‘ताप आला तर ते पॅरासिटामॉल दे थोडं’ एवढ्यावर होकार देऊ नका. बाजारात थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि जास्त ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असतं. सिरपचं माप समजून थेंबांचं औषध ५ मिली पाजलं तर एकदम ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून बाटली आईनेच आणून द्यावी, किती मिली आणि किती तासांनी हे डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे कागदावर लिहावं, मापाची टोपी किंवा सिरिंज त्याच बाटलीची असावी. शेवटचा डोस कधी दिला तेही लिहावं. तुमच्या घरातलं औषध लेकराला द्यायचं नाही.

पिशवीत काय हवं: कपड्यांचे तीन जोड, लंगोट किंवा डायपर, नेहमीचा पेला किंवा बाटली, झोपताना लागणारी गोधडी, उन्हाळ्यात सुती टोपी. ओळखीच्या वासाची गोधडी नव्या खेळण्यापेक्षा जास्त कामाची.

## ३. घर लेकराच्या उंचीवरून बघा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. लेकरू यायच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर बसा आणि गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोल्या फिरा. उभ्याने जे दिसत नाही ते तिथून दिसतं: लोंबणारी मिक्सरची वायर, पलंगाखाली पडलेली गोळी, गॅसच्या नळीपाशी ठेवलेली काडेपेटी.

पाणी सगळ्यात आधी. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे हौद, पिंप, टिपाड, बादल्या, हंडे कायम भरलेले. आपल्या डोळ्यांना त्यांची इतकी सवय झालेली असते की त्यात धोका दिसत नाही. या वयाच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि हातात स्वतःला उचलण्याइतका जोर नसतो. बादलीत वाकलं की तोल पुढे जातो. दोन इंच पाण्यात नाक-तोंड बुडालं तरी जीव जाऊ शकतो, तोही काही मिनिटांत, ओरडण्याचा आवाज न होता. ‘काही झालं तर रडेल ना’ हा भरवसा इथे चालत नाही.

म्हणून असं करा:

- वापरायच्या बादल्या रिकाम्या करून उपड्या ठेवा. लागेल तेव्हा भरा.
- पिंपाला आणि टिपाडाला घट्ट बसणारं झाकण घाला आणि वरून दोरीने आवळा. नुसती ताटली ठेवून भागत नाही, ती लेकरू सहज ढकलतं.
- जमिनीतल्या हौदाच्या झाकणाला कडी घाला. झाकण हलत असेल तर लेकरू त्या बाजूला जाणारच नाही अशी आड व्यवस्था करा.
- पिंपाजवळचं स्टूल, पाट, उपडी कळशी हलवा. चढायला पायरी मिळाली की ते चढतं.
- मोरी आणि संडासाच्या दाराला बाहेरून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी लावा.

कूलर. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा कूलर बंद ठेवा म्हणणं शक्य नाही. पण पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी लेकरू हे एकत्र येता कामा नये. कूलरला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून बघून घ्या, जाळीत बोट जात नाही ना ते तपासा, पाणी भरताना प्लग काढा, आणि पलंग किंवा खुर्ची आडवी लावून लेकरू कूलरपर्यंत पोहोचणार नाही असं करा.

घरातला व्यवसाय. विडीच्या सुपातली तंबाखू लेकराने चिमूटभर तोंडात घातली तरी निकोटिनची विषबाधा होऊ शकते: लाळ गळते, उलट्या होतात, चेहरा पांढरा पडतो. सूप, पत्ती, दोरा, कात्री सगळं कुलपात गेलं पाहिजे, आणि जिथे विड्या वळता तिथली जमीन ओल्या फडक्याने पुसून घ्या. आजोबांच्या तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबीही विसरू नका, चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. घरात माग असेल तर त्या खोलीला बाहेरून कुलूप. माग बंद असला तरी तिथे लेकराला न्यायचं नाही.

गोळ्या आणि बाटल्या. आजीची साखरेची आणि रक्तदाबाची गोळी उशाशी असते. मोठ्या माणसाची एक गोळीसुद्धा लहान लेकराला घातक ठरू शकते. फिनेल, संडास धुण्याचं ॲसिड, रॉकेल, उंदराचं औषध, झुरळांचा खडू हे सगळं वरच्या फळीवर न्या. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलेलं असेल तर ते घरातूनच काढा. रिमोटमधले आणि खेळण्यांमधले चपटे बटन सेल स्क्रूने बंद आहेत ना ते पाहा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो.

गच्चीचं दार, जिन्याचं तोंड, खिडकीजवळचा पलंग, इस्त्री, टेबलावरून लोंबणारा कपडा: या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात, फक्त त्या दिवशी बघायच्या राहतात.

तपासणी: लेकराच्या उंचीवरून खोलीच्या चारही बाजूंना हात फिरवा. हाताला जे लागेल ते त्याच्या तोंडात जाणार आहे असं धरून चला. एक खोली पूर्ण सुरक्षित करून लेकराला तिथेच ठेवणं हे पाच खोल्या अर्धवट आवरण्यापेक्षा चांगलं.

## ४. आई निघताना

आईने लेकरू दारात देऊन रिक्षात बसायचं, हे टाळा. तिला किमान पाऊण तास आधी यायला सांगा आणि त्या वेळाचा क्रम असा ठेवा:

1. आई लेकराला घेऊन बसेल, तुम्ही थोडं लांब बसा. लेकराकडे हात पुढे करू नका.
2. आई तुमच्याशी हसत बोलेल. लेकरू हे बघत असतं. आईला जे माणूस चालतं ते त्याला चालायला लागतं.
3. तुम्ही जमिनीवर एखादं काम सुरू करा: डबे एकात एक घालणं, कणकेचा गोळा करणं. लेकरू स्वतः जवळ येईल.
4. आई एकदा लंगोट बदलून, पाणी पाजून घेईल.
5. मग आई स्पष्ट सांगून निघेल: ‘मी जाते, झोपून उठल्यावर येते.’

इथली मोठी चूक: लेकराची नजर चुकवून आईला पळवून लावणं. त्या वेळी रडणं वाचतं, पण नंतर लेकरू दर दहा मिनिटांनी दाराशी जातं, झोपायला तयार होत नाही, आणि पुढच्या वेळी आईला सोडतच नाही. निरोप घेताना रडलं तरी चालेल. निरोप छोटा हवा. आई तीनदा परत वळून आली तर रडणंही तीनदा सुरू होतं.

## ५. पहिला तास

या तासात खायला देऊ नका, आंघोळ घालू नका, झोपवू नका, बाहेर नेऊ नका. काम एकच: लेकराने तुम्हाला मान्य करणं.

रडत असेल तर जमिनीवर त्याच्या शेजारी बसा. ‘रडू नको’, ‘शहाणं बाळ रडत नाही’ असलं काही न म्हणता म्हणा, ‘आई गेली म्हणून रडू येतंय ना? मी आहे इथे.’ कडेवर यायचं असेल तर घ्या, नसेल तर ओढू नका. बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शनवाले डॉक्टर यांची भीती दाखवू नका. अनोळखी घरात आधीच भेदरलेलं असतं, आणि पुढे खरंच डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर तीच भीती आडवी येते.

मोबाईल दाखवून शांत करणं सगळ्यात सोपं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतल्या लेकराला स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वर्षांच्या लेकराला दिवसभरात तासाभरापेक्षा जास्त नको. माझं म्हणणं याहून साधं आहे. पहिल्या तासात मोबाईल दिला तर लेकराची ओळख मोबाईलशी होते, तुमच्याशी होत नाही. बॅटरी संपली की तुम्ही पुन्हा परके.

तुमचा स्वतःचा फोनही लांब ठेवा, आवाज मोठा करून. लेकरू बुडतं, भाजतं, पडतं ते बहुतेकदा मोठ्या माणसाची नजर हलल्यावर. दारावर कुणी आलं तर लेकराला कडेवर घेऊनच दार उघडायचं, हा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळा.

## ६. खाणं

आईने सांगितलेल्या वेळेला, आईने सांगितलेलंच. नवा पदार्थ चाखवण्याचा हा दिवस नाही, कारण काही अंगावर उठलं तर ते कशामुळे हे कळणार नाही. मऊ वरण-भात, खिचडी, दहीभात, दुधात कुस्करलेली ताजी भाकरी, शिजवून ठेचलेली भाजी हे बहुतेक लेकरांना चालतं. कडक भाकरीचा तुकडा चघळायला देण्याची आपल्याकडे सवय आहे. तो मोडून टोकदार तुकडा घशात जाऊ शकतो, देऊ नका.

शेंगदाणा. आपल्या घरात शेंगदाणा सगळीकडे असतो. चटणीत असतो, पोह्यात असतो, डब्यात भाजून ठेवलेला असतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको. दाढा नीट आलेल्या नसल्यामुळे तो भरडला जात नाही आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. फुटाणे, बोराची बी, चिंचोके, कडक चॉकलेट, फुगा आणि फुग्याचा तुकडा यांनाही हेच लागू. द्राक्षं उभी चार भागांत कापा. डाळिंबाचे दाणे चुरडून द्या. शेंगाचटणी तिखटामुळे तशीही नकोच.

क्रम: हात धुवा, पाट किंवा खुर्चीवर सरळ बसवा, छोटे घास द्या, गिळल्यावरच पुढचा. पळत्या लेकरामागे वाटी घेऊन फिरणं, रडताना तोंडात घास कोंबणं, झोपवून दूध पाजणं, या तिन्ही वेळी घास श्वासात जातो. चार घास खाऊन मान फिरवली तर थांबा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा विचारा. ‘आईला काय सांगू, खाल्लंच नाही म्हणून?’ या काळजीने जबरदस्ती होते. एका दिवसात लेकरू थोडं कमी जेवलं तर चालतं, पाणी मात्र सुटता कामा नये.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. काढून ठेवलेलं आईचं दूध फ्रिजमध्येच ठेवा. उन्हाळ्यात आपल्या खोलीचं तापमान ते बाहेर टिकण्याजोगं नसतं. बाटलीतलं उष्टं दूध पुन्हा वापरायचं नाही.

घास अडकला तर: जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणी पाजू नका. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर लगेच:

1. लेकराला पुढे वाकवून छातीला आधार द्या, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा द्या.
2. निघालं नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने ५ दाब.
3. निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. कुणाला तरी १०८ लावायला सांगा. बेशुद्ध पडलं तर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास सुरू करा.

घशात न दिसणारी वस्तू बोट घालून काढायला जाऊ नका, ती आणखी आत जाते. दाणा खाताना ठसका लागून नंतर लेकरू खेळायला लागलं, पण खोकला किंवा छातीतली घरघर राहिली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाणा श्वासनलिकेच्या फांदीत बसून राहतो आणि काही दिवसांनी न्यूमोनियासारखं दुखणं उभं करतो.

## ७. शी-शू आणि आंघोळ

लंगोट बदलताना लागणारं सगळं आधी हाताशी घ्या, मग लेकराला झोपवा. पलंगावर बदलू नका, जमिनीवर चादर टाका. मुलीला पुढून मागे पुसायचं. डायपर ओला नसला तरी तीन तासांनी बघायचा, उन्हाळ्यात पुरळ लवकर उठतं.

आंघोळ आईने सांगितली नसेल तर नको, अंग पुसून दिलं तरी पुरतं. घालायचीच असेल तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम पाणी ओता, कोपराने तपासा, आणि नंतरच लेकराला मोरीत आणा. हीटरची कांडी लावलेली बादली लेकरू जागं असताना जमिनीवर नको. आंघोळ चालू असताना टॉवेल आणायलाही उठायचं नाही. विसरलात तर ओल्या लेकराला उचलून सोबत न्या.

## ८. दुपारची झोप

जेवण झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं शांत खेळ, मग झोप. डोळे चोळणं, कान ओढणं, विनाकारण चिडणं ही झोपेची खूण. ती दिसल्यावर अर्धा तास दवडला तर लेकरू जास्त थकून उलट जागं राहतं.

जमिनीवरच्या गादीवर झोपवा. कूलरची हवा थेट तोंडावर नको. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, जवळ उशी किंवा जाड गोधडी न ठेवता. झोळीची सवय असेल तर हूक, दोरी, गाठ तुमच्या हाताने ओढून बघा, खाली गादी टाका, आणि झोका देऊन निघून जाऊ नका. चालणारं लेकरू जागं झालं की झोळीतून उतरायला बघतं आणि मान अडकू शकते.

लेकरू झोपलं म्हणून तुम्ही झोपायचं नाही. ही वेळ कागदावर नोंदी करायची: किती खाल्लं, किती वाजता झोपलं, शू किती वेळा. दर पंधरा मिनिटांनी डोकावा. उठल्यावर अनोळखी छत दिसून दचकतं, तेव्हा समोर तुम्ही दिसायला हवं.

## ९. बाहेर नेताना

मार्च ते मे मध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर नाही. घरातही दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन घोट पाणी पुढे करा, लहान लेकरू मागत नाही. संध्याकाळी बागेत नेलंत तर घसरगुंडीच्या पत्र्यावर आधी स्वतःचा हात ठेवून बघा. दुचाकीवर पुढे उभं करून न्यायचं नाही. बंद गाडीत, अगदी ‘दोन मिनिटं दूध घेऊन येतो’ म्हणूनही सोडायचं नाही, काचा बंद असलेली गाडी काही मिनिटांत तापते.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा मंगळवार बाजारातल्या गर्दीत दुसऱ्याचं लेकरू नेऊ नका. आईवडिलांनी न्यायला सांगितलं असेल तरी खिशात फोन नंबराची चिठ्ठी घाला आणि हात सोडू नका.

तपासणी: सहा-आठ तासांत शू झाली नाही, तोंड कोरडं, डोळे खोल, रडताना अश्रू नाहीत, लेकरू मलूल, यातलं काही दिसलं तर आईला फोन आणि डॉक्टर. जुलाब सुरू झाले तर ओआरएस द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं असतं. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट असा अंदाज धोक्याचा, त्यात मीठ जास्त होतं.

## १०. काही बिघडलं तर

रडणं थांबत नाही. क्रमाने बघा: भूक, लंगोट, उकाडा, झोप, कपड्यातली टोचणारी गाठ, कानात किंवा नाकात काही घातलंय का. सगळं पाहूनही थांबत नसेल आणि तुमचा संयम सुटायला लागला असेल तर लेकराला सुरक्षित जागी जमिनीवर ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हा, शेजारणीला हाक मारा. लेकराला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

ताप. कपडे हलके करा, पाणी पाजा, आईला फोन करा, कागदावर लिहिलेलंच औषध द्या. बर्फाच्या पट्ट्या नकोत, साध्या पाण्याने अंग पुसा. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. थांबला तरी त्याच दिवशी दवाखाना.

भाजणं. नळाच्या किंवा तांब्याच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. साठवलेलं पाणी इथे मोकळ्या हाताने वापरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नको.

विषारी काही पोटात गेलं. उलटी करवू नका. रॉकेल आणि ॲसिड वर येताना पुन्हा इजा करतात. मिठाचं पाणी, दूध देऊ नका. बाटली किंवा पुडी सोबत घेऊन निघा.

डोक्यावर पडलं. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, कानानाकातून पाणी किंवा रक्त: ताबडतोब रुग्णालय.

विंचू चावला. विशेषतः शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि दगडी घरांत. बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं याची वाट न बघता निघा.

आपल्याकडे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, रात्रंदिवस चालू असतं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. लेकरू हरवलं किंवा कुणी त्रास देत असल्याची शंका आली तर १०९८ किंवा ११२. आधी लेकराची मदत, मग आईला फोन, हा क्रम ठेवा. आईच्या परवानगीची वाट बघण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

## ११. परत सोपवताना

येणाऱ्याचं नाव कागदावरच्या नावाशी जुळवा. आई दारात आली की लेकरू एकदम रडायला लागतं, दिवसभर दाबून ठेवलेलं बाहेर पडतं. त्यात तुमची चूक नाही, आईलाही हे सांगा.

मग खरं ते सगळं सांगा: किती खाल्लं, किती झोपलं, शी कशी झाली, कोणतं औषध किती वाजता दिलं. पडलं असेल तर तेही, खरचटलेलं छोटं असलं तरी. ‘उगाच कशाला काळजी’ म्हणून लपवलेली पडझड रात्री उलट्या सुरू झाल्यावर डॉक्टरांना कळायला हवी असते. औषधाची वेळ तर लिहूनच द्या, नाहीतर घरी गेल्यावर तोच डोस पुन्हा पाजला जातो.

माहितीचा कागद फेकू नका. पुढच्या वेळी वजन, औषध, फोन नंबर आणि लेकराने शिकलेले नवे शब्द एवढंच त्यात बदलून घ्यायचं.